सपाट किल्ला आणि एकशे साठ डोळे

पेण, रामवाडी
९ फेब्रुवारी २०२५

शांते,

नमस्कार घालावा तर तू धाकटी, आशीर्वाद द्यावा तर तू घेणार नाय. म्हणून नुसतंच शांते.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. भाऊबीजेला येतेस, ओवाळतेस, करंजी माझ्या तोंडात कोंबतेस आणि तुझ्या वहिनीला सांगतेस, "त्यांना विचार, अजून एक हवी का." मी समोर पाटावर बसलेला! नऊ वर्षं हा तमाशा चाललाय. पण तुझी शपथ तोंडाने न बोलण्याची हाय, न वाचण्याची नाय. हे मला काल आंघोळ करताना सुचलं. म्हणून हे पत्र आदेशच्या टेम्पोतून पाठवतोय. तो रोज रोह्याहून पोहे घेऊन पेणला येतो, जाताना रिकामाच असतो.

आता बातमी ऐक. आपली सुरभी, म्हणजे तुझीच लेक, तिकडे इंग्लंडात ज्या रोमन किल्ल्यावर कामाला हाय, त्या किल्ल्याचे नुसते पाये उरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीचं लष्करी ठाणं, आता तिथे मेंढ्या चरतात. लोक तिकीट काढून आत येतात आणि विचारतात, किल्ला कुठाय? म्हणून तिथल्या छोट्या संग्रहालयात किल्ल्याचं मॉडेल ठेवायचंय, शिपायांसकट. सुरभीने तिच्या साहेबिणीला सांगून टाकलं, माझा मामा करेल, पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. साहेबीण खूश, मी खूश, कारखान्यातली पोरंही खूश.

परदेशच्या गणपतींचा कंटेनर २२ मार्चला निघतो, त्यातच आपली पेटी जायची. शिपाई किती, तर शंभराची एक तुकडी. आणि शंभराच्या तुकडीत माणसं किती, तर ऐंशी! रोमन लोकांत तसंच असायचं म्हणे. शंभर सांगायचे नि ऐंशी भरायचे, हे मला एकदम आपल्यातलं वाटलं.

ऐंशी शिपाई म्हणजे एकशे साठ डोळे. ते तू काढणार, असं सुरभीने परस्पर कबूल केलंय. मी नाय हो!

उत्तर टेम्पोत दे.

दादा

*

रोहा
११ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोह्यांच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आलं. आदेश म्हणाला, मामांनी हळू न्यायला सांगितलंय. पत्र काय फुटणार होतं?

सुरभीने कबूल केलं असेल तर सुरभीने काढावेत. मला कशाला विचारतोस? आपल्या कारखान्यात डोळ्यांची आखणी कोण करतं, हे तू सगळ्या महाराष्ट्राला सांगून बसलायस. विसरलास तर आठवण करून देते. मुंबईच्या मंडळाचा अठरा फुटी गणपती. टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन आली आणि तिने विचारलं, "काका, हे डोळे कोणाच्या हातचे?" तू म्हणालास, "माझेच."

मी तुझ्या मागे शिडीवर उभी होते, दादा. कुंचला माझ्या हातात होता आणि डाव्या डोळ्याचा रंग अजून ओला होता. मी खाली उतरले, कुंचला धुतला आणि दुपारच्या गाडीने रोह्याला आले. त्यानंतर मी एकही डोळा काढलेला नाही. सगळं रोहा गाव म्हणतं, शांतीताई, गौरीचे तरी काढा. नाही काढत.

तेव्हा ज्याचे डोळे त्यानेच काढावेत.

शांती

ता. क. : किल्ला कसला आहे? बुरूज किती? मी आपलं सहज विचारतेय.

*

पेण
१६ फेब्रुवारी

शांते,

तुझा राग मला पोचला. मागच्या भाऊबीजेची साडी हलकी होती, हे मलाही दुकानातच जाणवलं होतं. आणि तुझा फ्रीज गळतो असं आदेश सांगत होता. नवीन फ्रीज पाठवतो, रंग कुठला हवा ते कळव. त्या टीव्हीच्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस? तो चॅनलसुद्धा बंद पडला.

आता किल्ल्याचं ऐक, मी वेडा व्हायची पाळी आलीय. सुरभीने नकाशा पाठवला. बघतो तर पत्त्याच्या पानासारखा लांबट चौकोन, कोपरे गोल. आत शिपायांच्या खोल्या सरळ रांगेत, मधे कचेरी, शेजारी धान्याची कोठारं. बुरूज हायत, पण बारके. दरवाजे चार, चार बाजूंना, सगळे लांबूनच दिसतात! आपल्या किल्ल्याचा दरवाजा शोधताना माणूस दोनदा वळतो, तिसऱ्यांदा भिंतीवर आपटतो. ह्यांनी तर शत्रूला यायला सोयच करून ठेवलीय.

एक सोय मात्र बघण्यासारखी हाय. शिपायांचा संडास! लांबच लांब बाक, त्याला सोळा भोकं, मधे आडोसा म्हणून नाय. सोळा जण शेजारी शेजारी बसून गप्पा मारायचे. मी हे कारखान्यात वाचून दाखवलं तर काम अर्धा तास बंद पडलं.

कोठारांची जमीन उंच उचललेली हाय, खालून वारा खेळावा, उंदीर लागू नयेत म्हणून. माझ्याकडे गेल्या वर्षीचे गणपतीचे उंदीर शिल्लक होते. चार कोठाराखाली लावून टाकले.

आणि डोंगर इतका झकास झालाय म्हणून सांगू! पोतं, लगदा, वरून खरी माती. साडेतीन फूट उंच. वर किल्ला बसवलाय. बाजूला गुहा, गुहेत वाघ. उतारावर अळीव पेरलेत, हिरवेगार उगवलेत. फोटो सुरभीला पाठवलेत. तिचं अजून उत्तर नाय, बहुतेक आनंदाने बोलता येत नसेल.

डोळ्यांचं बघ.

दादा

*

इंग्लंडहून, मेंढ्यांच्या शेजारून
२० फेब्रुवारी

मामा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, "होईल गो, होईल गो" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे मेलने साहिलच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवतेय. तो प्रिंट काढून तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत दुकानातून हलायचं नाही.

मामा, डोंगर कुठून आला?

आमचा किल्ला कुरणात आहे. सपाट. मी सांगितलं होतं, सपाट! तू म्हणालास, "व्हय व्हय." आणि साडेतीन फुटांचा डोंगर केलास? वाघ केलास? इथे वाघ कधीच नव्हता. साहेबिणीने फोटो मोठा करकरून बघितला. मग तिने विचारलं, ही हिरवळ खरी आहे का. मी म्हटलं, खायची असते, आमच्याकडे बाळंतिणीला लाडू करून देतात.

आणि शिपाई! एकूण एक शिपायाला पोट सुटलंय. ऐंशीच्या ऐंशी अनवाणी. आणि सगळ्यांचा उजवा हात आशीर्वादाला वर. ते लढायला आलेत, मामा!

उंदीर मात्र साहेबिणीला फार आवडले. ते राहू देत.

मी इथे कच्च्या नोकरीवर आहे. मे महिन्यात पक्की करायची की नाही ते ठरणार, आणि तोवर माझ्या नावावर दाखवण्यासारखं हे मॉडेलच आहे. मी साहेबिणीला छातीठोक सांगितलंय, की माझ्या आईने काढलेले डोळे तुमच्याकडे बघतात, तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा. तू आईला कसंही करून पटव. तुमचं काय भांडण आहे ते मला कोणी धड सांगत नाही. आईला विचारलं तर ती कोथिंबीर निवडायला बसते.

सुरभी

*

पेण
२ मार्च

शांते,

डोंगर कापला. तुझ्या लेकीचं पत्र सोबत जोडलंय, वाच आणि तूच सांग, डोंगराशिवाय किल्ला असतो काय? मुलाबाळांनी दिवाळीत अंगणात केला तरी आधी डोंगर करतात. करवत चालवताना मला रडू आलं. वाघ ठेवून घेतलाय, गल्ल्यावर बसवलाय. अळीव वहिनीने खिरीत घातले.

शिपाई नव्याने केले. पोटाचं काय करू गो? पस्तीस वर्षं पोट काढतोय, हात आपोआप गोल जातो. शेवटी डोळे मिटून दाबली पोटं. चपला घातल्या, हात खाली घेतले, भाले दिले. आता बरे लष्करी दिसतात.

तू गेल्यापासून गणपतींची आखणी बाहेरचा कारागीर करतो, पण तो शिपायांना हात लावायला तयार नाय. मग म्हटलं, शांती नाय तर नाय, डोळे आपणच काढू. दहा जणांचे काढले. शांते, दहाच्या दहा शिपाई लॉटरी लागल्यासारखे बघत होते! एकाचा एक डोळा भाल्याकडे, दुसरा उंदराकडे. पोरं तोंड फिरवून हसत होती. सगळे पुसले.

तेव्हा ऐंशी शिपाई आदेशच्या टेम्पोतून पाठवतोय, भाताच्या तुसात भरून. वीस दिवस उरलेत. फ्रीज पण त्याच टेम्पोत हाय. लाल.

दादा

*

रोहा
५ मार्च

दादा,

फ्रीज परत पाठवलाय. मला फ्रीज नको होता. हे तुला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?

शिपाई पोचले. हायवेच्या खड्ड्यांत तीन भाले मोडले, ते मी काड्यापेटीतल्या काड्यांचे केले. ऐंशीच्या ऐंशी जण स्वयंपाकघराच्या फळीवर उभे केलेत, रांगेत, डोळ्यांशिवाय. चहा करते तर ते तिथे. भाकरी थापते तर ते तिथे. शेजारची ठमाबाई मीठ मागायला आली, ती वर बघून मीठ न घेताच गेली.

सुरभीचं पत्र वाचून मी इतकी हसले की पाठीत उसण भरली. ह्यांनी विचारलं, काय झालं? तर मी नुसतं पत्र पुढे केलं. आशीर्वाद देणारं लष्कर! खरं सांगते, डोंगराच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूची आहे. डोंगर हवाच.

पण डोळे काढायला बसले की हात थांबतो. रंग कालवलाय, कुंचला बाहेर काढलाय, बाबांचाच तो, अजून जपून ठेवलाय. आणि मग तुझं ते "माझेच" कानात येतं. लेकीची नोकरी आहे, मला कळतं. रात्रीचं नीट जेवण जात नाही मला. पण मी हे पोटात दाबून काढले, तर ते डोळे मेलेले निघतील. मग काय उपयोग?

मला साडी नको, फ्रीज नको. त्या दिवशी तू तसं का म्हणालास, तेवढं एकदा लिही. खरं असेल तेच लिही.

शांती

*

पेण
९ मार्च

शांते,

चार कागद फाडले. हा पाचवा.

तुला आठवतं की नाय ठाऊक नाय. मी चौदाचा होतो, तू अकराची. बाबा मला आखणी शिकवत होते. वर्षभर मी पाटीवर डोळे काढले, वहीच्या मागे काढले, केळीच्या पानावरसुद्धा काढले. मग गणपतीच्या आधी एक मूर्ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी डोळे काढले. बाबांनी बघितलं. फडक्याने पुसले, कुंचला माझ्या हातातून घेतला आणि तुला हाक मारली. तू अंगणात सागरगोटे खेळत होतीस. हात धुवून आलीस, बसलीस आणि काढलेस. एका दमात. मूर्ती बघायला लागली, शांते. मी समोर उभा होतो आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

त्या दिवसापासून मी साचे करतो, अंग करतो, सोंड करतो, पितांबर रंगवतो. लोक कारखान्यात यायचे आणि पहिलं काय म्हणायचे? काय डोळे हायत! तू होतीस तोवर हेच ऐकत आलो. मला अभिमान वाटायचा आणि जळायचोही, दोन्ही एकदमच. तो माइक समोर आला, त्या पोरीने विचारलं, आणि एकदाच, एकदाच म्हणून बघावंसं वाटलं. म्हणालो. म्हणताना मला ठाऊक होतं तू मागे शिडीवर हायस.

नंतर तू निघालीस तेव्हा तुझ्या मागे स्टेशनवर आलो होतो. फलाटाच्या खांबामागे उभा राहिलो. गाडी सुटली, मग पुढे आलो. हे कुणालाच ठाऊक नाय, वहिनीलाही नाय.

चुकलो, शांते. ते डोळे तुझे होते. सगळेच तुझे हायत.

आता तू शिपायांचे डोळे काढ किंवा नको काढू. सुरभीला मी सांगेन काय सांगायचं ते.

दादा

*

रोहा
१७ मार्च

दादा,

आदेश येईपर्यंत लिहून संपवायचंय, तो बाहेर हॉर्न वाजवतोय.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी जेवण झाकून ठेवलं आणि बसले. पाच दिवसांत एकोणऐंशी झाले. कसे झाले ते तूच बघ. पहिल्या दोघांना थोडी भीती वाटतेय असं वाटतं, नऊ वर्षांनी हात लावला ना. नंतरचे ठीक आहेत. एकाला झोप आलीय. एक जण शेजाऱ्याच्या चपलेचं माप बघतोय. सुभेदार काय तो त्यांचा, त्याला घरची आठवण येतेय, ते मी मुद्दाम केलं. इतक्या लांब थंडीत आलेला माणूस, आठवण येणारच. पण सगळे बघतायत. ठमाबाई आज आली आणि त्यांच्याशी बोलली.

एक तसाच ठेवलाय. वेगळ्या डबीत, कापसात. त्याच्यासोबत बाबांचा कुंचला आहे. त्याचे डोळे तू काढायचेस आणि पुसायचे नाहीत. कसेही येऊ देत. कुणी तुझ्या हातातून घ्यायला येणार नाही.

तू केळीच्या पानावर डोळे काढायचास, ते मला आठवतं. मला वाटायचं, दादा खेळतोय. खरंच ठाऊक नव्हतं रे.

एकवीस तारखेला दुपारच्या गाडीने येतेय, पेटी भरताना एखादा मोडला तर दुरुस्तीला. बोलायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. वहिनीला सांग, पोह्याचे पापड भाज.

शांती

*

पेण
२३ मार्च

चि. सुरभी,

पेटी काल कंटेनरात चढली. बाजूला बावीस गणपती, मधे तुमचं रोमन लष्कर. वाटेत काय भीती नाय. सपाट हाय गो, एकदम सपाट, साहेबिणीला सांग. उंदीर चारच होते, दोन जास्त लावलेत.

आता परवाची गोष्ट सांगतो. तुझी आई दोनच्या सुमाराला आली. चप्पल काढली, पदर खोचला, माझ्याकडे बघितलं पण नाय. तुझ्या मामीला म्हणाली, "त्यांना सांग, वर पंखा लावा." मी लावला. मग ती मॉडेलच्या भोवती फिरायला लागली. कोठार बघितलं, मान हलवली. संडासाचा बाक बघून खुदकन हसली, लगेच तोंड गंभीर केलं. कारखान्यातली सगळी पोरं हातातलं काम टाकून भिंतीला चिकटून उभी होती.

मी माझा शिपाई मुख्य दरवाज्यात उभा केला होता, पहाऱ्यावर. तीन दिवस लागले मला त्याला. पुसला नाय. त्याचा डावा डोळा समोर बघतो आणि उजवा वरच्या बुरुजाकडे, कुणी पापड वाळत घातलेत काय ते बघावं तसा.

ती दरवाज्यापाशी आली. वाकली. चश्मा पुसला, पुन्हा वाकली. आणि एकदम पोट धरून हसायला लागली, गो! हसता हसता भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्याकडे वळून, थेट माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"अरे दादा, हे डोळे कोणाच्या हातचे?"

 मामीच्या हातातला पापड करपला.

मी म्हटलं, "माझेच."

तेव्हापासून ती बोलतेय. नऊ वर्षांचं साठलेलं, जेवताना, झोपताना, आत्ता मी लिहितोय तरी बोलतेय. तुझ्या संग्रहालयात पाटी लावाल तिच्यावर डोळ्यांबद्दल काय लिहायचं ते ती सांगतेय, ते जसंच्या तसं उतरवतो. "एकोणऐंशी शिपायांचे डोळे : शांती, रोहा. एका शिपायाचे डोळे : पोपट, पेण." आणि हे दोन्ही एकाच मापाच्या अक्षरांत पाहिजे म्हणते.

तुझा,
पोपटमामा